प्रत

वऱ्हाडातल्या कारंज्याच्या बाजारात कापसाची ‘प्रत’ पाहतात ती धागा चिमटीत ओढून. गावातल्या जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारात मात्र प्रत म्हणजे पोथी, कुणीतरी दुसऱ्या पोथीवरून उतरवून घेतलेली. एकाच शब्दाने दर्जा सांगायचा आणि नक्कलही. ही आपल्या भाषेची खोडी आहे, पण मला ती फार उपयोगी पडली.

रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये निघाली आणि कारंज्याची भांडारे अभ्यासकांच्या नजरेत भरली. पुढे १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेत छापले गेले. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा. त्याच्या हातची पोथी उरलेली नाही. उरल्या त्या प्रतींच्या प्रती. त्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, कुठे लेखनिकाला डुलकी लागली ते हेरायचे आणि मूळ पाठाकडे मागे मागे जायचे.

ग्रीक शिल्पांचा इतिहासही याच वाटेने लिहावा लागतो. थाळीफेक करणारा तो प्रसिद्ध तरुण घ्या. ग्रीक शिल्पकार मायरनने इ. स. पूर्व पाचव्या शतकात तो ब्राँझमध्ये घडवला. तो केव्हाच नाहीसा झाला. आपण पाहतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती. त्यांतली एक १७८१ मध्ये रोममध्ये सापडली. तिचे डोके मागे, थाळीच्या हाताकडे वळलेले. दहाएक वर्षांनी रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत सापडलेली दुसरी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर दुरुस्ती करणाऱ्यांनी डोके बसवले ते चुकीच्या दिशेने, थाळीकडे पाठ करून. निवाडा कसा करायचा? दुसऱ्या शतकातल्या लुसियन या लेखकाने या पुतळ्याचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि त्यात तरुण थाळीच्या हाताकडे मान वळवून वाकलेला आहे. पहिली प्रत खरी ठरली. याला आपल्याकडे पाठचिकित्सा म्हणतात.

प्लास्टरच्या प्रती ही या साखळीची पुढची कडी. जिप्सम साधारण दीडशे अंशांपर्यंत भाजले की त्यातले पाऊण पाणी उडते. ती भुकटी पाण्यात कालवली की गरम होते आणि थोड्याच वेळात दगड बनते. पुतळ्यावर साच्याचे तुकडे एकेक करून चढवतात, कारण हाताच्या बेचक्यातून किंवा हनुवटीखालून अखंड साचा निघत नाही. तुकडे पुन्हा जुळवून आत प्लास्टर ओतले की दोन तुकड्यांच्या फटीत बारीक धार उमटते. ती तासून काढतात. जिथे राहून जाते तिथे साचा कुठे जोडला होता ते नंतरच्यालाही कळते. पोथीत चुकीवर फासलेल्या हरताळासारखीच ती खूण. साच्यावरून प्रत, प्रतीवरून पुन्हा साचा असे होत गेले की कडा बोथटत जातात.

तरी प्रतीला कमी लेखू नये. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या पश्चिम बाजूची शिल्पपट्टी बहुतांशी जागेवरच राहिली होती. लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचे साचे घेतले. पुढे मूळ संगमरवर अथेन्सच्या हवेने खाल्ला, पण प्लास्टरमध्ये ते चेहरे शाबूत राहिले.

असे पांढरे पुतळे मुंबईतही आले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा, ‘जे. जे.’, सुरू झाली. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीचा: आधी रेषा, मग छाया, आणि छायेसाठी समोर ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती. या वर्गाला म्हणत ‘अँटिक’. प्लास्टर हलत नाही, थकत नाही, मजुरी मागत नाही. त्याच्या पांढऱ्या अंगावर छायेची एकेक पायरी मोजता येते. गंमत अशी, की मूळचे ग्रीक पुतळे रंगवलेले असत. शेंदूर फासलेल्या, लुगडे नेसवलेल्या देवांच्या गावातून आलेल्या पोरांना शुद्ध कला म्हणजे बिनरंगी कला, हे एका गैरसमजुतीने शिकवले.

विरोध झाला तो दुसऱ्या टोकाला. १८९६ मध्ये कलकत्त्याच्या कलाशाळेत प्रमुख म्हणून आलेल्या हॅवेल यांनी युरोपीय नमुन्यांना फाटा देत भारतीय कला अभ्यासाच्या केंद्राशी आणली. भूमिका चुकीची नव्हती. पण प्लास्टरपुढे बसलेला विद्यार्थी नक्कलच करत राहतो, हे त्यामागचे गृहीतक मला पटत नाही आणि त्याविरुद्धचा पुरावा त्याच वर्षीचा, मुंबईचा आहे.

जे. जे.चे गणपतराव म्हात्रे तेव्हा जेमतेम विशीच्या आसपास होते. त्यांनी पुरुषभर उंचीची एक मूर्ती केली: पूजेचे साहित्य हाती घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी, ‘मंदिरपथगामिनी’. अंगाला बिलगणाऱ्या चुण्या ग्रीक वळणाच्या, पण वस्त्र नऊवारी. भारतीय कलांचे इंग्रज अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी तिची वाखाणणी केली. १८९८ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगाली ‘प्रदीप’ मासिकात तिच्यावर लेख लिहिला. ज्या वर्गात हात तयार झाला तिथल्या पुतळ्यांची मुळे संगमरवरात होती किंवा ब्राँझमध्ये. हिची मूळ प्रत मात्र प्लास्टरचीच आहे.