तालीम : एका शब्दाची तीन घरं

अरबीत 'इल्म' म्हणजे ज्ञान. त्याच धातूपासून शिकवणारा तो 'मुअल्लिम' आणि शिकवणं ती 'तालीम'. उर्दूत हा शब्द शिक्षणासाठीच राहिला. मराठीत आला आणि त्यानं लंगोट कसला. पैलवानाची तालीम म्हणजे आखाडा. आणि गवयाच्या घरी तालीम म्हणजे उस्तादासमोर बसून घेतलेली विद्या. शाळा, मैदान आणि गाणं अशी एका शब्दाची तीन घरं झाली.

यातली दोन घरं कोल्हापुरात शेजारी-शेजारी आहेत. तिथं पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिथं लोटते. आपला संघ कोणता हे सहसा ठरवावं लागत नाही. ज्या पेठेत जन्म, तो संघ. आजोबा, बाप आणि नातू एकाच झेंड्याखाली ओरडतात.

त्याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँना दरबारी गायक म्हणून आश्रय दिला. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. त्यांनी मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या मुलांना तालीम दिली, हे रीतीप्रमाणेच झालं. पण ती विद्या घराच्या उंबऱ्याआत थांबली नाही. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. मोगूबाईंकडून ती त्यांच्या लेकीकडे, किशोरी आमोणकरांकडे गेली. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांकडे गेली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात केसरबाईंचा आवाज आहे. १९४६ मध्ये खाँसाहेब वारले, पण जयपूर-अत्रौली घराणं आजही गातं आहे. त्याला घराणं म्हणतात खरं, पण ते चालतं तालमीवर. रक्ताचं नातं असलंच पाहिजे, असं नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्याचा धागा मात्र कोल्हापूरपेक्षा हैदराबादशी जास्त जुळलेला. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. त्याच हैदराबादनं देशाला एक मुअल्लिम दिला. सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शाळामास्तर, आणि भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ मध्ये जकार्त्याला पुन्हा सुवर्ण. जकार्त्याच्या वेळी ते कर्करोगानं ग्रासले होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवलं, तेव्हा गोल करणारे होते बंगालकडून खेळणारे पी. के. बॅनर्जी आणि पंजाबचे जर्नेल सिंग. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होता. म्हणजे इथंही विद्या पोटच्या पोराला मिळाली आणि परक्याच्या पोरांनाही.

आता आमच्या घरांकडे पाहू. विश्वचषक आला की मुलगा रात्र-रात्र जागून सामने बघतो. मुलगी पहाटे हार्मोनियमवर 'सा' लावून बसते. पाहुणे येतात आणि विचारतात, "बच्चों की तालीम कैसी चल रही है?" त्यांना टक्के ऐकायचे असतात. फुटबॉल म्हणजे वेळेची नासाडी. आणि गाण्याचं नाव काढलं की, "अपने में ये सब कहाँ?"

हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकासमोर उभा करतो. आपल्यात कुठं? उणियाऱ्याहून कोल्हापूरला आलेल्या उस्तादाच्या गळ्यात. हैदराबादच्या मास्तराच्या फळ्यावर. दोघांनीही शिकवताना समोरच्याचं नाव-गाव विचारून हात आखडता घेतला नाही, म्हणून त्यांची विद्या टिकली. आपण मात्र शब्द तेवढा जपला आणि त्याची दोन घरं बंद करून टाकली.

पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, तर मी टक्के सांगेन. पण त्याआधी मुलीला 'यमन' म्हणायला सांगेन, आणि मुलाला म्हणेन, रहीमसाहेब कोण होते ते चाचांना सांग.