परसदारचे शिकारी पक्षी

मराठीतील पक्ष्यांची नावे एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्यांतील कितीतरी नावे अरण्यात नव्हे, तर घराच्या आवारात जन्मलेली आहेत. गव्हाणी घुबडाच्या नावात गुरांच्या गव्हाणीची आठवण आहे. पानांच्या कडा शिवून घरटे करणारा तो शिंपी, आपल्या हद्दीत आलेल्या घारीलाही पिटाळणारा तो कोतवाल, जथ्याने कलकलाट करीत कुंपणाखाली पाचोळा उपसणारे ते सातभाई. पांढऱ्या-करड्या रंगाचा, तारेवर बसून शेतातील उंदरांवर नजर ठेवणारा लहानसा शिकारी पक्षी कापशी झाला. ही नावे ठेवणाऱ्यांनी पक्षी नुसता पाहिला नव्हता. त्याची बैठक, त्याचे खाणे, त्याचा स्वभाव त्यांनी टिपला होता. परंतु हे निरीक्षण नावापाशी येऊन थांबले. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, किती पक्षी होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. रोज दिसणाऱ्याची तारीख कोण लिहिणार? या साध्या प्रश्नाची किंमत पुढे किती मोठी पडली, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

विचारासाठी आपण जुना आदिलाबाद जिल्हा घेऊ. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेकडे वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, अशा नद्यांनी वेढलेला हा सागवानाचा आणि कापसाचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके येथून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आला. २०१६ साली त्याचेही चार जिल्हे झाले. सीमा बदलत गेल्या तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलणारी घरे राहिली. एकाच गावात एक शेजारी ज्याला गिधाड म्हणतो त्याला दुसरा राबंदु म्हणतो; एकाची घार ती दुसऱ्याची गद्द. पक्ष्यांना अर्थातच या नावांचे आणि सीमांचे सोयरसुतक नाही.

या भागातील घराचे परस म्हणजे विहीर किंवा नळ, एखादे कडुनिंबाचे, चिंचेचे किंवा शेवग्याचे झाड, थोडा भाजीपाला आणि जळणाचा ढीग. एवढ्याशा जागेत एक पुरे राज्य नांदत असते. ढिगाखाली उंदीर, भिंतीवर पाली, कुंपणावर सरडा, झाडावर खारी, आणि या साऱ्यांवर उपजीविका करणारा शिक्रा. याचे पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब. त्यामुळे फांद्यांच्या दाटीतूनही तो सफाईने वळतो. तो पानांआड निश्चल बसतो म्हणून सहसा दिसत नाही. त्याची वर्दी इतर जीव देतात. खारीचा एकसुरी चिरका ओरडा सुरू झाला, बुलबुलांनी गलका केला आणि चिमण्या एकाएकी गप्प झाल्या, की समजावे शिक्रा आला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याला पेरणीची आठवण देणारा पावशा पिसाऱ्याने आणि उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्र्यासारखा असतो. त्याला पाहून सातभाई बिचकतात, आणि त्यांच्याच घरट्यात पावशाची मादी आपले अंडे घालते. सोंग घेण्याचा हा प्रकार पाहण्यासाठी अभयारण्यात जावे लागत नाही. तिन्हीसांजेला झाडाच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी डोकावते, आणि रात्री गव्हाणी घुबड उंदरांच्या समाचाराला निघते.

शिकारी पक्ष्यांकडे विद्वत्तेचे लक्ष गेले नव्हते असे नाही; ते गेले ते राजवाड्यातून. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत श्येनविनोदाचे, म्हणजे शिकवलेल्या ससाण्याकरवी करावयाच्या शिकारीचे, प्रकरण आहे. शिक्रा या नावाचे नातेही शिकारीशीच आहे. पक्षी कसा पकडावा, कसा माणसाळवावा, हातावरून कसा सोडावा, हे या परंपरेने बारकाईने जाणले. पण ही जाण उपयोगाच्या पक्ष्यापुरती होती. जो हातावर बसत नाही आणि मृत जनावरांवर पोट भरतो, त्या गिधाडाला दरबारात जागा असण्याचे कारण नव्हते.

परसातील जीवसृष्टीला पुस्तकात मानाने बसवले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तो माणूस साताऱ्यात जन्मलेला होता. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) हा एका स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा. मुंबई-पुण्यात शिकून त्याने काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवली आणि पुढे तो जकात व मीठ खात्यात नोकरीस लागला. ‘इहा’ या आद्याक्षरी नावाने त्याने लिहिलेले ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक १८८३ साली निघाले. सरहद्दीवरील टोळ्या म्हणजे येथे पठाण वा आफ्रिदी नव्हेत; त्या आहेत बंगल्याच्या आवारातील उंदीर, मुंग्या, पाली, कावळे आणि वटवाघळे. सरकारी परराष्ट्रधोरणाच्या भाषेची नर्म थट्टा करीत त्याने आपल्या अंगणाचा वृत्तांत दिला. ‘मुंबईचे नेहमीचे पक्षी’ या अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक १९०० साली आले. दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे धावणाऱ्या त्या काळात ‘नेहमीचे’ हा शब्द शीर्षकात घालणे हीच एक भूमिका होती.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली, त्यांत एटकेन होता. त्या आठांत दोघे आपले डॉक्टर होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि औषधी वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांच्या घरी पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई वाढल्या. सभासदांनी आपापल्या निरीक्षणांची देवाणघेवाण करावी, एवढाच आरंभीचा हेतू होता. १८८६ पासून या संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि कुठल्याशा तालुक्याच्या गावी व्हरांड्यात बसून कोणी पाहिलेली गोष्टही तारीख-स्थळासह छापली जाऊ लागली. मराठी नावांनी जे केले नव्हते ते या पानांनी केले: पाहिलेल्याला काळाशी जोडले.

या संस्थेच्याच परंपरेत १९३१-३२ साली सालिम अली यांनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह १९३३-३४ मध्ये नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. हैदराबाद राज्याच्या पक्षिजीवनाची ही पहिली पद्धतशीर पाहणी होय. तिचे प्रयोजन मुख्यतः कोणती जात कोठे आढळते हे ठरवण्याचे होते. किती आढळते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारीत नसे. घारी आणि गिधाडे मोजावीत, असे कोणाला वाटण्याइतकी ती कमी नव्हतीच.

गिधाडांची कथा येथून सुरू होते. पांढऱ्या पाठीचे गिधाड हे मनुष्यवस्तीला न बुजणारे पाखरू. गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याची जागा आणि जवळपास उंच झाडे, एवढे त्याला पुरे. १९८० च्या दशकात जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये बहुधा हेच सर्वाधिक संख्येने असावे, असे तज्ज्ञ मानीत. १९९० च्या दशकात ते नाहीसे होऊ लागले. राजस्थानातील केवलादेव येथे विभू प्रकाश यांनी अनेक वर्षे घरटी मोजली होती, म्हणून १९९९ साली ते ही घट आकड्यांत मांडू शकले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या शरीरात जाई, त्याची मूत्रपिंडे निकामी होत आणि आतड्या-काळजावर युरिक आम्लाचे पांढरे थर साचून पक्षी काही दिवसांत मरे. २००६ साली भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. २०२३ साली अॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन यांवरही.

या काळात आपल्या गावांत काय घडत होते? चिंचेवरची गिधाडे कमी झाली, मग दिसेनाशी झाली. कोणी म्हणाले, दुष्काळाने गेली. कोणी म्हणाले, झाडे तुटली म्हणून गेली. पण अमुक साली बारा होती, पुढच्या साली पाच, हे सांगणारी वही क्वचितच कोणाकडे होती. मेलेल्या गुरांवर कुत्री पोसली, पाणवठे दूषित झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचा पूर्वी वावर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्यूंची तुलना केली. २००० ते २००५ या वर्षांत गिधाडांच्या अभावी सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. नेहमीचा म्हणून दुर्लक्षिलेला पक्षी काय काम करीत होता, ते असे तो गेल्यावर कळले.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे आहे. १९५० च्या दशकात तेथील बहिरी ससाणा आणि बागांतून चिमण्या टिपणारा, आपल्या शिक्र्याचा भाऊबंद असलेला पक्षी घटू लागले. घरट्यांत अंडी फुटत होती. डेरेक रॅटक्लिफ यांना शंका आली की अंड्यांची कवचे पातळ झाली असावीत. पण पूर्वीची कवचे किती जाड होती हे कसे कळणार? उत्तर हौशी संग्राहकांच्या कपाटांत होते. अनेक दशके त्यांनी पोकळ केलेली अंडी तारीख-स्थळाच्या चिठ्ठीसह जपली होती. ती तपासून रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवून दिले की १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे डीडीटीचा वापर सुरू होताच, कवचे पातळ झाली. अंडी गोळा करण्याचा छंद मुळीच स्तुत्य नव्हे. पण चिठ्ठीवरच्या तारखेने एका विषाचा गुन्हा शाबीत केला.

आदिलाबादपुरते सांगायचे तर गिधाडांची कथा अगदीच संपलेली नव्हती. जुन्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बेज्जूरच्या जंगलात पालारापू नावाच्या कड्यावर २०१३ साली लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आढळली. ही जात झाडावर नव्हे, कड्याच्या कपारीत घरटे करते. वनखात्याने तेथे राखण आणि गिधाडांच्या अन्नाची सोय सुरू केली. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातही गिधाडांसाठी अशा खाद्यजागा करण्यात आल्या. तेलंगणातील गिधाडांचे हे मोठे ठाणे कळले ते शोधणाऱ्यांच्या नजरेमुळे. परसातील चिंचेवर जो पक्षी बसे तो आता कड्यावर जाऊन पाहावा लागतो, एवढा फरक एका पिढीत पडला.

आज नोंद ठेवण्याची साधने पूर्वीपेक्षा सोपी आहेत. दर फेब्रुवारीत होणारी परसबागेतील पक्षिगणना २०१३ पासून भारतातही होते. तीत किमान पंधरा मिनिटे एका जागी राहून दिसलेले पक्षी मोजायचे असतात. अशा हौशी नोंदींवरच ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल २०२० आणि २०२३ साली निघाला. दुसऱ्या अहवालासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा विचार करण्यात आला. शिकारी पक्ष्यांच्या अनेक जाती घटत आहेत, हा त्यातील एक चिंतेचा निष्कर्ष आहे. मात्र मोठ्या शहरांच्या भोवती नोंदींची गर्दी आणि कापूसपट्ट्यातील तालुक्यांत विरळता, हे चित्र अजून आहे. बेला-जैनदकडील एखाद्या शिक्षकाने किंवा गृहिणीने आपल्या परसाची वर्षभर ठेवलेली नोंद म्हणूनच शहरातील शंभराव्या नोंदीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

तिच्यासाठी दुर्बीण नसली तरी चालते. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, आणि तो काय करीत होता, एवढे लिहिले तरी पुरते. जो आला नाही त्याचीही नोंद करावी. गेल्या वर्षी ढोलीत असलेले पिंगळे यंदा नाहीत, हे वाक्य पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. आपल्या पूर्वजांनी उत्तम नावे दिली. त्या नावांसमोर तारीख लिहिण्याचे काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे, आणि घार अजून आकाशात आहे तोवरच ते करण्यात अर्थ आहे.