१८व्या शतकातला इंग्रज दुकानदार मुलांना वाटणी कशी देई?
'इंग्लंडमध्ये सगळं थोरल्यालाच मिळायचं' हा समज अर्धाच खरा आहे. दुकानदार मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालकीची जमीन आणि घर थोरल्या मुलाकडे जाई. माल, हत्यारं आणि रोकड यांना मात्र १६७०चा कायदा लागू होई. त्यानुसार कर्ज फेडून उरलेल्यातला एक तृतीयांश विधवेला आणि बाकी सर्व मुलामुलींना समान मिळे. कुणाला धंद्यासाठी आधीच भांडवल दिलं असेल, तर ते त्याच्या वाट्यात धरलं जाई. केंट परगण्यात जमीनही सहसा सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली जाई.

म्हणूनच मृत्युपत्र मोलाचं ठरे. त्यात धाकट्याला दुकान आणि थोरल्याला रोख रक्कम देता येई. ते राहून गेलं, तर धाकट्याने सांभाळलेल्या दुकानाची इमारत थोरल्याची होई.