गाडी पाहण्याची जागा

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर आगगाडीची रेघ शोधायला फार वेळ लागत नाही. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी ती पूर्व-पश्चिम गेली आहे. जलंबहून तिची एक लहानशी फांदी फुटते, ती दक्षिणेला खामगावापर्यंत येते आणि तिथेच संपते. घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा सगळा मुलूख रुळांवाचून आहे. खुद्द बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण, पण तिथेही गाडी नाही. घाटावरच्या पोराला आगगाडी पाहायची झाली तर मुद्दाम घाट उतरून यावे लागते.

आणि उतरून आल्यावर त्याने ती पाहायची कुठून? फलाटावर जायचे तर फलाटाचे तिकीट काढा, आणि तेही दोनच तासांचे. रुळांच्या कडेला उभे राहायचे तर तो गुन्हा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात त्याला कलमच आहे, आणि ते योग्यच आहे. मग उरते ते फाटक, नाहीतर पुलाचा कठडा. म्हणून मला आज असे सुचवायचे आहे, की खामगावच्या जुन्या स्टेशनापाशी, कुंपणाच्या बाहेर, कुणालाही फुकट बसून गाडी पाहता येईल अशी एक जागा करावी. तुम्ही म्हणाल, हा काय रिकामपणाचा उद्योग? तर त्यासाठी आधी ही फांदी तिथे का आली, ते ऐका.

वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून जात असे. लमाणांचे तांडेच्या तांडे गोण्या लादून कधी मुंबईकडे, तर कधी पार मिर्झापूरला, गंगेच्या काठी, सुमारे 500 मैलांवर जात. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजे, धूळ बसली की मळे, आणि विलायतेत पोचेपर्यंत त्याची प्रतवारी पार खाली जाई. 1853 साल हे आपल्याकडे दोन कारणांनी लक्षात ठेवायचे. त्या वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस येईनासा झाला, मँचेस्टरच्या गिरण्या बसल्या, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लागले. कपाशीचे भाव असे काही चढले, की ऐकणाराला खोटे वाटावे. युद्ध 1865 ला संपले नि भाव तसेच धाडकन खाली आले, तो भाग निराळा.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी 1867 साली नागपूरला पोचली. कंपनीने आपला मार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून धरला. डोंगर टाळायचा, बोगदे टाळायचे, हा हिशेब. त्यात झाले काय, की कापसाची मोठी पेठ जी खामगाव, ती रुळांपासून 8 मैल दक्षिणेला राहिली. अमरावतीचेही तसेच झाले. गाडी बडनेऱ्यावरून निघून गेली. इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. गाव चुकले म्हणून कुणी हळहळले नाही, कापूस चुकला तेव्हा मात्र हालचाल झाली. सरकारने आपल्या खर्चाने जलंब ते खामगाव रूळ टाकले. त्याला नावसुद्धा ऐटीत दिले, ‘खामगाव स्टेट रेल्वे’. लांबी किती? तेच 8 मैल, म्हणजे 13 किलोमीटर!

1870 साली ही फांदी खुली करायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. हिंदुस्थानचा सर्वांत मोठा अधिकारी 8 मैलांच्या रुळांसाठी येतो, त्याला कारण आहे. सुएझचा कालवा नोव्हेंबर 1869 मध्ये उघडला होता. आता खामगावची रुईची गाठ जलंब, भुसावळ, मुंबई, सुएझ अशी करीत थेट विलायतेच्या गिरणीच्या दारात जाऊन पडणार होती. बाजारावर देखरेखीसाठी कापूस-कमिशनर म्हणून रिव्हेट-कार्नाक नावाचे साहेब नेमलेले होतेच. मागोमाग स्वित्झर्लंडच्या व्होलकार्ट बंधूंसारख्या परदेशी पेढ्याही खामगावात आल्या, वाफेवर चालणारे दाबाचे कारखाने उभे राहिले, आणि गावाचा चेहरा बदलला.

आता माझा प्रश्न असा, की हे सगळे होत असताना आपला माणूस कुठे उभा होता? तो बंडीवर बसून पेठेत रांगेला होता. जिनाच्या दारात सरकी झाडत होता. मालधक्क्यावर गाठी लोटत होता. खामगावचे स्टेशन हे आधी रुईगाठींसाठी बांधले आणि मग माणसांसाठी, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आणि माणसाला गाडीत जागा मिळाली तीही तिसऱ्या वर्गात. त्या वर्गाची दैना काय होती, त्यावर गांधीजींनी 1917 साली एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

याची आणखी एक बाजू आहे, आणि शिक्षकांनी ती मुलांपुढे जरूर मांडावी. गाडी आली की दुष्काळ हटेल, असा बोलबाला होता. धान्य आता कुठूनही कुठेही नेता येईल, हे खरेच होते. पण ज्या वऱ्हाडात ज्वारी मागे पडून कपाशी पुढे आली, तिथे 1896-97 चा आणि मग 1899-1900 चा, असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. गाडी धान्य आणू शकत होती. मात्र ज्याच्या हाताला काम नाही, त्याच्या कनवटीला ते विकत घ्यायला पैसा कुठला? 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे 29 लाख होती, ती 1901 ला साडेसत्तावीस लाखांवर आली. त्याच रुळांवरून कापूस बाहेर गेला आणि त्याच रुळांवरून धान्य आत आले, तरी एवढी माणसे कमी झाली. हे पुस्तकात वाचून मुलाच्या मनावर ठसत नाही. रुळांसमोर बसून सांगितले तर ठसेल.

आगगाडी नुसती पाहायला जाणे, ही काही आजची हौस नव्हे. 1853 च्या त्या पहिल्या गाडीत पाहुणे सुमारे 400 होते, पण रुळांच्या दुतर्फा बघ्यांची गर्दी त्याच्या कितीतरी पट. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी चालते! लोकांनी तिला ‘चाक्या म्हसोबा’ म्हणून नारळ वाहिल्याची गोष्ट जुनी मंडळी सांगत आली. आपण त्या भोळेपणाला हसतो. मला मात्र त्यात एक शहाणपण दिसते: नवीन वस्तू आली तर आधी तिच्यासमोर उभे राहून ती नीट पाहावी.

बरे, अशी जागा कुणी केली आहे काय? अमेरिकेत इलिनॉय राज्यात रॉशेल नावाचे एक लहान गाव आहे. तिथे दोन मोठ्या कंपन्यांचे लोहमार्ग एकमेकांना छेदून जातात. त्या गावाने रुळांशेजारी एक छोटी बाग केली, छप्पर घातले, बाक टाकले, आणि गाडीवाल्यांचे बिनतारी बोलणे ऐकू यावे म्हणून एक कर्णाही लावला. लोक लांबून येऊन तिथे बसतात. आपल्याकडे असे पाहायचे ठिकाण मला ठाऊक नाही, पण जुन्या स्टेशनाची कदर मात्र सुरू झाली आहे. मुंबईचे भायखळा स्टेशन लोकांच्या पुढाकाराने साफसूफ करून मूळ रूपात आणले गेले, आणि 2022 मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला.

वऱ्हाडात उलट चित्रही आपण पाहिले आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ गाडी. 1921 साली मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ओढत राहिले. मग डिझेल आले, आणि पुढे गाडीच बंद पडली. ती चालत होती तेव्हा तिच्याकडे कुणी कौतुकाने पाहिले नाही. थांबल्यावर आठवणींचा पूर आला.

खामगावला एक सोय आहे. ते शेवटचे स्टेशन. शेवटच्या स्टेशनावर गाडी धडधडत निघून जात नाही, ती हळू येते नि थांबतेच. वाफेच्या काळात तर इथे मोठा देखावा असे. इंजिन सुटायचे, बाजूच्या रुळावरून मागे यायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडले जायचे, कारण ओढणारा पुढेच हवा. ज्या गाडीला दोन्ही तोंडांना चालकाची खोली असते, तिला ही कसरत लागत नाही. का लागत नाही, हे मुलांना विचारावे, आपोआप यंत्राचा धडा होतो. डब्यावरचा आकडाही वाचायला शिकवावा. त्याचे पहिले दोन अंक म्हणजे बहुधा डबा बांधल्याचे साल. मालगाडीच्या वाघिणीवर 11 अंक असतात, त्यांतला पाचवा आणि सहावा तिचे साल सांगतो. वाघिणी जलंबला किंवा नांदुऱ्याला मुख्य मार्गावर पुष्कळ दिसतात. कोळशाची गाडी आली तर साठाच्या आसपास मोजून होतील.

खर्च म्हणाल तर फार नाही. जमीन रेल्वेची, तेव्हा भुसावळ विभागाची परवानगी लागेल आणि नगरपालिकेला पुढे व्हावे लागेल. छातीइतकी भिंत किंवा जाळी, लहान मुलांसाठी तिच्या आत एक पायरी, चार-पाच बाक, एक कडुनिंब, पिण्याचे पाणी. एक मराठी फलक, त्यावर 1870 साल, लॉर्ड मेयो, रुईगाठींचा मार्ग, आणि दुष्काळाचे ते दोन आकडेही. गाड्यांच्या वेळा फळ्यावर खडूनेच लिहाव्या, कारण त्या बदलतात. शिवाय फलकावर थोडी जागा कोरी सोडावी. खामगावहून जालन्यापर्यंत रूळ न्यावेत ही मागणी गेली शंभर वर्षे चालू आहे. ती रेघ कधी ओढली गेली, तर घाटावरच्या पोरांना गाडी पाहायला खाली उतरावे लागणार नाही, आणि खामगाव शेवटचे स्टेशन राहणार नाही. ते साल तिथे लिहिता येईल.