झुकवाल तिथे थांबणारा दिवा

समई असो, कंदील असो की चिमणी, तेलाच्या दिव्याला उभेच राहावे लागते. ज्योत वर जाते, तेल तळाशी राहते. असा दिवा घरभर हिंडवता येतो, पण वाकवता येत नाही. म्हणून शिवण असो की पोथी, ती उजेडाजवळ न्यायची, हाच शतकानुशतकांचा रिवाज. विसाव्या शतकाच्या तोंडावर गॅसच्या दिव्यांना खाली तोंड करणे जमले, पण गॅसच्या नळीने त्यांना भिंतीला नाहीतर छताला जखडून टाकले होते. विजेच्या बल्बने ही दोन्ही बंधने एकदम सोडवली. बल्ब उलटा टांगा, आडवा धरा, वायर पोहोचेल तिथे न्या, त्याचे काही बिघडत नाही.

तरीही विजेचे दिवे पुढची कित्येक वर्षे जुन्याच दिव्यांची रूपे घेऊन वावरत होते. छताला झुंबर, भिंतीवर मेणबत्तीच्या आकाराचे ब्रॅकेट, टेबलावर ताठ खांब आणि त्यावर झालर लावलेली कापडी शेड. ब्रिटनमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही पुष्कळ दिवे याच घराण्याचे दिसतात. ते देखणे असतात, दिवाणखान्यात शोभतात. पण बल्बला मिळालेले हे स्वातंत्र्य पुरेपूर वापरणारा दिवा घ्यायचा असेल, तर माझ्या मते नाव एकच: अँगलपॉइज. त्याची कुळकथा दिव्यांच्या कारखान्यात सुरूच होत नाही. ती सुरू होते मोटारींच्या स्प्रिंगांपासून.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला बाथ नावाचे जुने शहर आहे. रोमन काळातल्या स्नानगृहांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोटारीही बनत. जॉर्ज कार्वार्डाइन हे १८८७ मध्ये त्याच गावी जन्मलेले अभियंते. हॉर्स्टमन या मोटार कंपनीत त्यांनी कारखान्याची व्यवस्था आणि रचनेचे काम पाहिले. त्यांचा खास विषय सस्पेन्शन, म्हणजे खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीचा भार स्प्रिंगांवर कसा तोलायचा, हा. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ छोट्या मोटार कंपन्यांना कठीण गेला. तेव्हा कार्वार्डाइन स्वतंत्रपणे काम करू लागले आणि आपल्या कार्यशाळेत एका जुन्या कोड्याच्या मागे लागले: एखादे वजन स्प्रिंगच्या जोरावर कुठल्याही उंचीला, कुठल्याही कोनात, हात सोडला तरी जागच्या जागी थांबेल का?

हे कोडे वाटते तितके सोपे नाही. बिजागरीवर फिरणाऱ्या दांडीच्या टोकाला वजन लावून पाहा. दांडी उभी असेल तेव्हा वजन जवळजवळ ओढतच नाही, आडवी केली की सर्वांत जास्त ओढते. मधल्या प्रत्येक कोनाला ही ओढ वेगळी. साधी स्प्रिंग लावली तर एखाद्या जागी तोल जमतो, बाकी ठिकाणी दांडी एकतर कोसळते नाहीतर उसळते. म्हणून त्या काळच्या सांध्यांच्या दिव्यांना स्क्रू आवळावे लागत किंवा मागच्या बाजूला वजन टांगावे लागे. कार्वार्डाइन यांनी स्प्रिंगची जागा आणि तिचा ताण असा बसवला, की दांडी कलताना वजनाची ओढ ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात स्प्रिंगची उलट ओढही वाढावी. त्यासाठी स्प्रिंग फार घट्ट वळावी लागते. तिचे वेढे एकमेकांवर इतके दाबून बसलेले असतात, की ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडतच नाही. एकदा हे गणित जमले, की प्रत्येक कोन हा तोलाचाच कोन होतो.

या युक्तीचे वर्णन बहुतेक जण माणसाच्या हातावरून करतात आणि ते चपखल आहे. आपला हात कोपरापाशी वाकतो, पण त्याला हलवणारा स्नायू दंडात असतो, मनगटापाशी नसतो. अँगलपॉइजच्या स्प्रिंगाही तशाच सगळ्या खाली, बैठकीला लागून असतात. वरच्या दांडीला एकही स्प्रिंग नसते. समांतर जोडलेल्या पट्ट्या खालची ओढ वरपर्यंत पोहोचवतात. त्यामुळे शेडजवळचा भाग हलका राहतो आणि एका बोटाने हलतो.

१९३२ मध्ये कार्वार्डाइन यांनी या रचनेच्या दिव्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. डोळ्यांपुढे घरे नव्हती, कारखाने होते. घड्याळजी, सोनार, यंत्रावर बारीक काम करणारे कारागीर यांचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. त्यांना उजेड इकडून तिकडे ढकलता यायला हवा आणि ढकलला तिथे तो थांबायलाही हवा. शेडमुळे उजेड नेमका कामावर पडतो, तेव्हा मोठ्या बल्बचीही गरज उरत नाही. ब्रिटनमध्ये १९२६ च्या कायद्यानंतर विजेची राष्ट्रीय ग्रीड नुकतीच उभी राहत होती, अनेक घरांत वीज अजून यायची होती. अशा काळात कमी विजेत जास्त काम करणारा दिवा ही मोठीच गोष्ट होती.

स्प्रिंगा करून देणारी कंपनी मिळाली बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, रेडिच गावी. हे गाव सुया आणि मासे धरायचे गळ यांसाठी जगभर ओळखले जाई. पोलादाची बारीक तार हवी तशी वळवणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होते. हर्बर्ट टेरी अँड सन्स ही तिथली १८५५ पासूनची स्प्रिंग बनवणारी कंपनी. तिने परवाना घेऊन १९३४ मध्ये चार स्प्रिंगांचा १२०८ क्रमांकाचा दिवा बाजारात आणला. कार्वार्डाइन यांना त्याचे नाव ‘इक्विपॉइज’ ठेवायचे होते, पण ते नोंदवून मिळाले नाही, म्हणून ‘अँगलपॉइज’ झाले.

कारखान्यासाठी काढलेला दिवा लोक घरासाठी मागू लागले, हे टेरींच्या लवकरच ध्यानात आले. वर्षभरात, १९३५ मध्ये, घरगुती अवतार आला: क्रमांक १२२७, स्प्रिंगा तीन, बांधा सुटसुटीत, आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी जड बैठक. त्या काळच्या इमारतींत, रेडिओंत, सिनेमागृहांत अशाच पायऱ्या दिसत. या दिव्यात फॅशनसाठी म्हणून काही आले असेल, तर ती ही बैठकच. बाकी सगळे काटेकोर यंत्र. १९३८ मध्ये त्यात सुधारणा झाली, बैठकीच्या पायऱ्या दोनच राहिल्या आणि शेड रुंद झाली. हा दोन पायऱ्यांचा दिवा मग पुढची तीसेक वर्षे जवळपास तसाच बनत राहिला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांत नकाशे पाहणाऱ्या नॅव्हिगेटरच्या टेबलावरही अँगलपॉइज होता. हेलकावणाऱ्या विमानात, बाहेर उजेड दिसू न देता, फक्त नकाशावर प्रकाश टाकायचा, तर याहून योग्य दिवा कुठला असणार?

या घराण्याची एक शाखा नॉर्वेत गेली. तिथले याकोब याकोबसेन यांनी १९३७ मध्ये हक्क मिळवले आणि ‘लक्सो’ नावाचा आपला दिवा घडवला. त्यांनी स्प्रिंगा दोन्ही दांड्यांवर वाटून लावल्या. बांधणी सोपी झाली आणि तो दिवा युरोप-अमेरिकेत फार पसरला. १९८६ मध्ये जॉन लॅसेटर यांनी पिक्सारसाठी केलेल्या ‘लक्सो ज्युनियर’ या छोट्या चित्रपटातले बाप-लेक दिवे याच शाखेचे. पुढे त्यातला धाकटा पिक्सारची निशाणीच झाला. आपल्याकडे ड्रॉइंगच्या टेबलाला आवळायचे जे दिवे सर्रास मिळतात, त्यांचे वळणही बहुधा लक्सोचेच. त्यामुळे ओळखायची खूण सोपी आहे: वरच्या दांडीवर स्प्रिंग दिसली तर तो नात्यातला आहे, मूळ घरचा नाही.

हे सगळे माहीत असले, की जुना दिवा निवडताना नजर योग्य जागी जाते. लंडनच्या पश्चिमेला केंप्टन पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर महिन्यातल्या दोन मंगळवारी भल्या सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे मी पाहिले आहे, की गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग गंज, मग किंमत. माझे सांगणे उलट आहे. आधी दिव्याला हात लावा. शेड धरून तो पूर्ण खाली आणा आणि सोडा. मग पूर्ण वर न्या आणि सोडा. मग कोपर वाकवून मध्येच कुठेतरी सोडा. तिन्ही ठिकाणी तो थांबला, तर आठ-नऊ दशकांपूर्वीचे ते गणित अजून शाबूत आहे. हळूहळू खाली येत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा कुणीतरी बदलली आहे. उसळून वर जात असेल, तर बहुधा मूळची शेड हरवून हलकी लावली आहे. रंग पुन्हा देता येतो, गंज निघतो. बिघडलेला तोल परत आणायला मात्र नेमकी तीच स्प्रिंग शोधावी लागते.

मग बैठकीकडे पाहा. टेरी आणि रेडिच ही नावे सहसा तिथेच, खालच्या पट्टीवर किंवा कडेला उमटवलेली सापडतात. बैठक उचलून पाहा, ती चांगलीच जड लागली पाहिजे. हलकी असेल तर लांब केलेल्या दांडीने दिवा तोंडावर पडेल. पट्ट्यांचे सांधे कानाजवळ नेऊन हलवा, करकर ऐकू आली तर थोड्या तेलाने भागते, खुळखुळ ऐकू आली तर छिद्रे झिजली आहेत.

वायरीच्या बाबतीत मात्र जराही भीड बाळगू नये. जुन्या दिव्यांत कापडाने मढवलेली वायर असते, आतले रबर वाळून भुगा झालेले असते, आणि बऱ्याचदा तारा दोनच असतात, अर्थिंग नसते. दिव्याचा सगळा सांगाडा धातूचा, आणि आपण तो दिवसातून कितीदा तरी हाताने हलवणार. तेव्हा अर्थिंगसह तीन तारांची नवी वायर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून घालून घेतल्याशिवाय तो लावूच नये. कापडी वेष्टनाची नवी वायर मिळते, त्यामुळे रूपही राखता येते. प्लगमध्ये फ्यूज तीन अँपिअरचा घालावा.

प्लगवरून आठवले. या बाजारात कधीकधी गोल पिनांचा प्लग लावलेला दिवा हाती येतो आणि भारतातून आलेल्या माणसाला तो चांगलाच ओळखीचा वाटतो. वाटणारच. आपल्या घरांतले गोल पिनांचे प्लग त्याच जुन्या ब्रिटिश मानकावरून आले आहेत. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग ठरवला आणि हळूहळू सगळी घरे त्यावर आली, आपण गोल पिनांवरच राहिलो. दाबून फिरवून बसवायचा दोन खुंट्यांचा बल्बही दोन्ही देशांत अजून वापरात आहे, उरलेला बहुतेक युरोप आट्यांचा बल्ब वापरतो. त्यामुळे ब्रिटनमधल्या जुन्या दिव्यात आपल्या सवयीचा बल्ब सहज बसतो. ब्रिटनमध्ये तारेचे बल्ब आधीच हद्दपार झाले होते आणि २०२१ पासून बहुतेक हॅलोजनही गेले, म्हणजे आता एलईडीच घ्यायचा. तो वजनाला हलका पाहून घ्या. काही एलईडी बल्ब बुडाशी बरेच जड असतात, आणि हा दिवा हलक्या काचेच्या बल्बचे वजन धरून तोललेला आहे. रंग २७०० केल्विनचा घेतला, की जुन्या बल्बचा पिवळसर उबदारपणा राहतो.

नवा घेतला तर काय बिघडले, असेही लोक विचारतात. काहीच नाही. कंपनी आजही चालू आहे. इंटरसिटी १२५ या रेल्वेगाडीचे नाक आणि केनवूडचा मिक्सर घडवणारे केनेथ ग्रेंज यांनी २००३ पासून तिच्यासाठी नवे दिवे रचले, त्यांतला ‘टाइप ७५’ उत्तम आहे. जुन्या १२२७ ची नवी आवृत्तीही निघते. २००९ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने देशातल्या अभिजात रचनांची दहा तिकिटे काढली, त्यांत कॉंकॉर्ड विमान आणि मिनी मोटारीच्या पंगतीला हा दिवाही होता. मला खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पुष्कळ जण हा दिवा घेतात, कोपऱ्यातल्या कपाटावर एका डौलात उभा करतात आणि पुन्हा कधी हात लावत नाहीत. नुसती शोभाच हवी असेल, तर झालरीच्या शेडचा खांब स्वस्तात मिळतो आणि छान दिसतो. अँगलपॉइज वाचायच्या खुर्चीजवळ, शिलाई मशिनपाशी, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवावा, जिथे तो रोज दहा वेळा हलेल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

तीन पायऱ्यांचा की दोन पायऱ्यांचा, हा संग्राहकांचा आवडता वाद. तीन पायऱ्यांचा १९३५ ते १९३८ एवढाच बनला, म्हणून तो दुर्मीळ आणि महाग. मी दोन पायऱ्यांचा घेईन. त्याच्या रुंद शेडमध्ये आजचा बल्ब नीट मावतो, उजेड जास्त जागेवर पडतो, आणि तो इतकी वर्षे बनत राहिल्यामुळे त्याचे सुटे भाग अजून सापडतात.