कुदळीची मजुरी

मनोरुग्णाच्या हाती कुदळ देण्याची प्रथा शोधत मागे गेलं, की वाट स्पेनमधल्या सारागोसा शहरापाशी पोचते. तिथलं इस्पितळ १४२५ सालचं. तिथले रुग्ण शेतात राबत. फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांनी १८०१च्या ग्रंथात त्याची वाखाणणी केली आणि एक खोचही नोंदवली: अंगमेहनतीत कमीपणा मानणारे सरदार मात्र बरे होत नाहीत. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रश यांनी १८१२मध्ये जवळपास तेच लिहिलं. लाकडं फोडणारे, बाग खणणारे गरीब रुग्ण सुधारतात. प्रतिष्ठेपायी बसून राहणारे श्रीमंत खितपत पडतात.

मुंबई इलाख्यात हा विचार सरकारी वेड्यांच्या इस्पितळांतून आला. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, नौपाडा अशी ती ठिकाणं. वसाहतकाळातल्या अशा इस्पितळांत बागकामाला उपचार म्हणत. पण पिकवलेली भाजी तिथल्याच मुदपाकखान्यात जाई आणि सरकारचा तेवढा खर्च वाचे. उपचार कुठे संपला आणि वेठ कुठे सुरू झाली, हे रुग्णाला कुणी विचारत नसे.

आज पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमधल्या कुटुंबाला जवळचं सरकारी मनोरुग्णालय म्हणजे येरवड्याचं. मंजूर खाटा २,५४०. या पट्ट्यातलं आयुष्य शिफ्ट आणि हजेरीवर चालतं. स्किझोफ्रेनिया झालेल्या कामगाराच्या कानातले आवाज गोळ्यांनी बऱ्याचदा शमतात. पण उठावं, आंघोळ करावी, काही हाती घ्यावं ही उमेद गोळीनं सहसा परतत नाही. व्यवसायोपचारात बागकामाचा उपयोग होतो तो इथे. वाफा भुसभुशीत करणं, रोप लावणं, पाणी घालणं ही कामं छोटी आणि पुरी होणारी. चुकलं तरी रोप टोमणा मारत नाही, आणि घरच्यांच्या सततच्या टोमण्यांनी आजार उलटतो हे मानसोपचारात चांगलंच ठाऊक आहे.

अर्थात बाग म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. २०१४च्या कॉक्रेन आढाव्याला या आजारासाठीची बागकामाची एकच नीट चाचणी सापडली, तीही २४ जणांची. शिवाय क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची त्वचा उन्हानं लवकर भाजते आणि लिथियम घेणाऱ्याला खूप घाम गेला तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. म्हणून काम सकाळच्या कोवळ्या उन्हात, डोक्यावर टोपी आणि जवळ पाण्याची बाटली ठेवून.

कुळकथेतला ताजा टप्पा कायद्याचा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २० सांगतं, की रुग्णावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि त्यानं केलेल्या कामाचा योग्य मोबदला त्याला मिळाला पाहिजे. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सारागोसापासून इथवर कुदळ तीच राहिली, तिच्यामागचा हक्क बदलला. काम केलं की दाम, हे चाकणच्या कामगाराला शिकवावं लागत नाही. आजारी पडला म्हणून त्याचा तो हक्क संपत नाही. तेव्हा रुग्णांकडून बाग करून घेणाऱ्या संस्थेत नातेवाइकांनी बेलाशक दोन प्रश्न विचारावेत: आज नको म्हटलं तर चालतं का? आणि विकलेल्या रोपांचे पैसे कुणाच्या हातात पडतात?