'थँक यू'ला उत्तर काय द्यायचं? 'मेन्शन नॉट'च्या पलीकडचे सोपे पर्याय

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहे. इथे लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार असल्याने वेगवेगळ्या राज्यांतली माणसं राहायला येतात. अशा गावात कुणाला रस्ता दाखवला, बॅग उतरवून दिली, की समोरून 'थँक यू' ऐकू येऊ शकतं. 'थँक यू' म्हणायला शाळेत शिकवतात, पण त्यावर काय बोलायचं हे बहुतेक वेळा राहूनच जातं. मग नुसतं हसायचं, नाहीतर घाईत 'ओके' म्हणायचं. रस्त्यावर ते चालून जातं. नोकरीच्या मुलाखतीत किंवा ग्राहकाच्या फोनवर मात्र हीच शांतता तुटकपणा वाटू शकते.

अडखळायला का होतं?

मराठी घरांत आभार मानायची पद्धत कमी. आईने ताट वाढलं म्हणून 'धन्यवाद' म्हटलं, तर 'मी काय परकी आहे का?' असंच ती विचारेल. 'आभार' हा शब्द जास्त करून भाषणात आणि पत्रिकेत भेटतो. कुणी आभार मानलेच, तर वर्ध्याकडचा माणूस 'त्यात काय झालं जी!' म्हणून विषय संपवतो. इंग्रजीतही नेमकं हेच करायचं असतं.

कुठे काय म्हणाल?

• यू आर वेलकम : सगळीकडे चालणारं, सुरक्षित उत्तर. नुसतं 'वेलकम' म्हटलं तरी आपल्याकडे कळतं, पण औपचारिक ठिकाणी पूर्ण वाक्य बरं. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातही आभाराला 'वेलकम' शब्दाने उत्तर दिलेलं आहे.

• माय प्लेझर : पाहुणे, ग्राहक, वरिष्ठ यांच्यासाठी. याचा 'विथ प्लेझर'शी घोळ करू नका. कुणी काम सांगितलं, की होकार देताना 'विथ प्लेझर'. काम झाल्यावर आभार आले, की 'माय प्लेझर'.

• हॅपी टू हेल्प : ऑफिसच्या ईमेलला आणि ग्राहक सेवेला शोभणारं. व्होडाफोनच्या जाहिरातींमुळे आपल्या ओळखीचं.

• नो प्रॉब्लेम, नो वरीज, एनीटाइम : मित्र आणि बरोबरीचे सहकारी यांच्यासाठी. वरिष्ठांना 'नो प्रॉब्लेम' काही वेळा जास्तच सैल वाटतं.

'मेन्शन नॉट' चूक आहे का?

मूळ वाक्य 'डोन्ट मेन्शन इट', म्हणजे 'त्याचा उल्लेखही नको'. 'मेन्शन नॉट' ही जुन्या वळणाची रचना भारतात रुळली. आपल्याकडे अर्थ पोहोचतो; परदेशी माणसाशी बोलताना मात्र पूर्ण वाक्य वापरा.

या दोन चुका टाळा

'सेम टू यू' हे शुभेच्छांचं उत्तर आहे. दिवाळीला म्हणा, आभाराला नको. 'इट्स ओके' जास्त करून 'सॉरी'नंतर येतं. आभारावर ते म्हटलं, तर तुम्ही समोरच्याला माफ करताय असं वाटू शकतं.

मुलाखतीत काय?

शेवटी समोरचा म्हणतो, 'थँक यू फॉर कमिंग.' इथे 'यू आर वेलकम' विचित्र वाटतं, कारण संधी त्यांनी दिलेली असते. अशा वेळी आभार परत करा : 'थँक यू, सर' किंवा 'थँक यू, मॅम', आणि जोर 'यू'वर द्या. पुढे 'फॉर युवर टाइम' जोडलं तर आणखी छान.

व्हॉट्सअ‍ॅपवर?

मित्राला हात जोडलेला किंवा हसरा इमोजी पुरे. कामाच्या ग्रुपवर मात्र नुसत्या अंगठ्यापेक्षा दोन शब्द लिहिलेले बरे.

सगळं पाठ करायची गरज नाही. 'यू आर वेलकम' आणि 'माय प्लेझर' ही दोन उत्तरं मोठ्याने चार वेळा म्हणून बघा. ऐन वेळी काही आठवलं नाही, तर हसून 'त्यात काय झालं जी!' म्हणा. शब्द कळला नाही, तरी भाव पोहोचेल.